आधी कुणाच्या दारी वाजवायचं

पाटीलकीच्या वाटणीचे जुने मोडी कागद वाचताना नवख्या माणसाला एका गोष्टीचं नवल वाटतं. जमिनीची वाटणी चार ओळींत उरकते आणि मानपानाची यादी मात्र लांबत जाते. होळीची पोळी आधी कुणाची, पोळ्याला वेशीतून पुढे बैल कुणाचा, दसऱ्याला आपट्याची पूजा कोण करणार. त्याच यादीत वाजंत्र्यांचंही कलम असतं: सणावाराला गावच्या वाजंत्र्यांनी आधी थोरल्या पाटलाच्या दारी वाजवावं, मग धाकट्याच्या. भाऊबंदांचं भांडण मिटवायला गोताची सभा बसे, शेजारगावचे पाटील-कुलकर्णी साक्षीला येत आणि वाजंत्री कुणाच्या दारी आधी थांबतील हे शेताच्या बांधाइतक्याच काटेकोरपणे लिहून ठेवलं जाई.

मी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले ती नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. तेव्हापासून लोकांच्या घरचे कागद वाचून देते. राहते नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी भाद्रपदात आमच्या काचा थरथरायला लागल्या की मला ते मानपानाचे कागद आठवतात. आवाजाचे नियम म्हणजे न्यायालयं आणि डेसिबल आल्यानंतरची गोष्ट, असा आपला समज आहे. तसं नाही. आपल्या गावांनी आवाजावर फार पूर्वीपासून बारकाईनं नियम केले. फक्त ते नियम आवाज किती मोठा हे विचारत नसत. आवाज कुणाचा, कुणाच्या दारात आणि कुठल्या वेळी, एवढंच विचारत.

पेशव्यांच्या पुण्यात तर वाजण्याचीही दरबारी पायरी होती. जरीपटका, छत्री, मोर्चेल यांच्या पंक्तीत नौबत येई. ती मनात आलं म्हणून कुणालाही वाजवता येत नसे, वरून बहाल व्हावी लागे. ज्याच्या दारी नगारा झडतो तो मोठा, हे शहराला कानांनी कळत होतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आजही उभा आहे. चौघड्याच्या ठरलेल्या वेळा असत आणि त्यावरून लोक दिवस मोजत. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी, मग कोतवालाची माणसं हटकणार. म्हणजे रात्रीच्या शांततेचा हुकूमसुद्धा तोफेच्या आवाजानंच निघे. त्या तोफेला कुणी उपद्रव म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. सत्तेचा आवाज लोकांच्या अंगवळणी पडतो, त्याचं घड्याळ होऊन जातं.

या सगळ्या व्यवस्थेत वाजवणारा माणूस कुठे होता, हा प्रश्न मला कागद वाचताना सारखा छळतो. देवळात गुरव, सनईला होलार, हलगीला मांग, दवंडी आणि गावची हाळी महारांकडे. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गांव-गाडा’ १९१५ मध्ये छापलं गेलं. त्यात बलुतेदारांची कामं आणि त्यांचे हक्क यांचा जो तपशील आहे, तो वाचला की गावचा आवाज कुणाच्या हातांतून निघत होता ते नीट कळतं. पण ज्या हातांनी वाजवायचं, त्या माणसांच्या दारी कुणी वाजवत नव्हतं. अस्पृश्य मानलेल्या नवरदेवानं घोड्यावर बसून, वाजतगाजत गावातून वरात न्यावी, हे गावाला चालत नसे. त्यावरून मारहाणी झाल्या, बहिष्कार पडले. हलगी तीच, ताल तोच आणि वाजवणाराही तोच. पाटलाच्या बैलांपुढे वाजवली तर मंगल आणि स्वतःच्या पोरापुढे वाजवली तर आगळीक.

म्हणून डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत गावकीची कामं सोडण्याला जे महत्त्व आलं, त्यात या वाद्यांचाही इतिहास आहे असं मी मानते. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगाव महारांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं, सरकारी आणि गावकीची राबणूक नाकारायला सुरुवात केली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. सक्तीनं वाजवायला लागणं आणि हवं तेव्हा वाजवता न येणं, या दोन्हींतून सुटण्याची ती लढाई होती. आज एखाद्या वस्तीतल्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीच्या आवाजाबद्दल पेठेतली माणसं नाक मुरडतात, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या स्वतःसाठी वाजवू दिलं नाही, त्यांना गप्प बसायला सांगण्याआधी आपल्या दारातला स्पीकर बंद करावा.

पुण्याच्या बाबतीत खरं वळण आलं ते १८९४ मध्ये. त्याआधी मोहरमच्या ताबुतांत इथले हिंदू सर्रास सामील होत. डोले धरत, पुढे वाजवत, नाचत. ताशा त्या मिरवणुकीतही कडाडायचा. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. नाशिक जिल्ह्यातलं येवलंही त्याच सुमारास पेटलं होतं. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली आणि सार्वजनिक गणपतीनं जोर धरला. मशिदीवरून जाताना वाद्यं बंद ठेवायची की नाही, हा त्या काळातला सगळ्यात ज्वालाग्राही प्रश्न झाला. सप्टेंबर १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून गणपतीचा मेळा वाजवत गेल्याचं निमित्त होऊन मारामारी झाली. वाईत मशिदीपुढे वाद्यं वाजवली म्हणून प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात जावं लागलं आणि टिळकांच्या ‘केसरी’नं ते प्रकरण लावून धरलं.

सरकारच्या हाती तेव्हा नवं हत्यार आलेलं होतं. १८९० च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्यानं मिरवणुका आणि रस्त्यावरची वाद्यं यांचं नियमन करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला होता. तोवर हे प्रश्न वहिवाटीनं सुटत. अमुक मशिदीपुढे अमुक वेळी ढोल थांबवायचा, नमाज उरकली की पुन्हा सुरू करायचा, असं दोन्हीकडची वडीलधारी माणसं ठरवत. ते लिहिलेलं नसे, म्हणून वाकवता येई. परवाना आल्यावर वहिवाटीचा हक्क झाला आणि हक्कात माघार घेणं म्हणजे हार. मग नमाजाची वेळ नसतानाही मशिदीपुढेच जोरात वाजवायचं आणि मागे कधी हरकत न घेतलेल्या वाद्यालाही आता हरकत घ्यायची, असं दोन्हीकडून सुरू झालं. टिळकांचं म्हणणं असं की सरकार वाद्यांवर बंदी घालून एका बाजूला झुकतं आहे. त्या काळच्या अधिकाऱ्यांचा कल आणि त्यांची धास्ती पाहता या म्हणण्यात तथ्य होतं. पण त्या भांडणात मिरवणूक हे शक्तीचं प्रदर्शन झालं आणि ते ओझं आपला उत्सव आजही वाहतो आहे, हेही तितकंच खरं आहे. टिळकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी हे लिहिते आहे.

हा वाद केवळ हिंदू-मुसलमानांचा होता असंही कुणी समजू नये. रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याच्या हक्काचा देशातला मोठा निवाडा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९२० च्या दशकात दिला. ते भांडण शिया आणि सुन्नी यांच्यात होतं. मोहरमच्या मिरवणुकीत सुन्नींच्या मशिदीजवळ शियांनी थांबून मातम करावा की नाही, यावरून ते पेटलं होतं. कौन्सिलनं सांगितलं की आपल्या रिवाजानुसार रस्त्यावरून मिरवणूक नेण्याचा हक्क आहे. मात्र अधिकाऱ्यांचे आदेश आणि इतरांची वहिवाट सांभाळून.

त्याच १८९४ मध्ये पुण्यात दुसराही तंटा निघाला. विसर्जनाला पुढे कुणाचा गणपती? टिळकांनी निवाडा केला. कसबा गणपती ग्रामदैवत, म्हणून पहिला; तांबडी जोगेश्वरी ग्रामदेवता, म्हणून दुसरी. त्यांच्यामागे आज गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. मला यात थेट पाटीलकीची मानपानाची यादी दिसते. तिसरा मान असलेली गुरुजी तालीम १८८७ ची, म्हणजे टिळकांच्या उत्सवाच्याही आधीची. तिच्या स्थापनेत हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरं होती, हे मंडळाचे लोक अभिमानानं सांगतात. हा क्रम सव्वाशेहून अधिक वर्षं टिकला आहे. कुठल्याही कायद्यात तो नाही. तो मोडला तर काय होईल हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून कुणी मोडत नाही. गावानं स्वतः केलेला नियम किती चिवट असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

लाउडस्पीकर आला आणि जुनी सगळी गणितं कोलमडली. ढोल वाजवायला दमदार माणूस लागतो, तो थकतो, पाणी प्यायला थांबतो. त्यामुळे वाद्याला अंगचीच एक मर्यादा होती. कर्ण्याला दम लागत नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात म्हणूनच एक निराळा सूर ऐकू येतो. त्याच्या ३८ व्या कलमानुसार आसपास राहणाऱ्या माणसांना त्रास, अडथळा किंवा इजा होत असेल तर वाद्य, आवाज थांबवण्याचा हुकूम पोलीस देऊ शकतात. इथे प्रथमच माझ्यासारख्या बाईला जागा मिळाली. मी ना पाटील, ना मशिदीची विश्वस्त, ना मंडळाची अध्यक्ष. मी फक्त आसपास राहणारी.

पण कलम कागदावर होतं. मुंबईत डॉ. यशवंत ओक नावाचे एक डॉक्टर १९८० च्या दशकात लाउडस्पीकरच्या त्रासासाठी उच्च न्यायालयात गेले आणि पुढे आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा करत राहिले. हवा प्रदूषणाच्या कायद्यातल्या १९८७ च्या दुरुस्तीनं आवाजाची गणना हवेच्या प्रदूषणात झाली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. पुढे २००२ मध्ये राज्यांना वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देण्याची मुभा मिळाली.

सर्वोच्च न्यायालयानं या विषयावर २००५ मध्ये जो मोठा निकाल दिला, त्याच्या मुळाशी एक मुलगी होती. तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा तिच्या किंकाळ्या शेजारच्या लाउडस्पीकरच्या गाण्यांत बुडाल्या. कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. तिनं नंतर स्वतःला जाळून घेतलं. अनिल मित्तल या अभियंत्यानं त्यावरून याचिका केली. आवाजाच्या नियमांना सणांचे शत्रू म्हणणाऱ्या माणसांनी ही गोष्ट एकदा शांतपणे ऐकावी. आपला आवाज इतका चढवायचा नाही की शेजारच्या घरातली हाक ऐकू येऊ नये, एवढीच या नियमांची मागणी आहे.

डेसिबलचं एक वैशिष्ट्य सर्वसामान्य माणसाला कुणी नीट समजावून सांगत नाही. आकडा दहानं वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ५५ ची मर्यादा आणि १०५ चा आवाज यांत फरक दिसतो पन्नासचा, प्रत्यक्षात तो लाखपटीचा असतो. कानांच्या दृष्टीनं ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येतं असं धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे शंभराला जेमतेम पाव तास. आमच्या लक्ष्मी रस्त्यावर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं विसर्जनाला मीटर घेऊन उभी राहतात. बेलबाग चौक, कुंटे चौक, उंबऱ्या गणपती, शेडगे विठोबा असे दहा चौक, थेट खंडोजीबाबा चौकापर्यंत. रात्रभर जागून ती नोंदी करतात. कित्येक वर्षी सरासरी शंभराच्या वर गेली आहे. करोनाच्या २०२० मध्ये, मिरवणूकच नव्हती तेव्हा, ती साठच्या आसपास होती. त्या मुलांचं मला फार कौतुक वाटतं. ती कुणाला अडवत नाहीत, कुणाशी भांडत नाहीत. फक्त खरं काय ते लिहून ठेवतात. पुढचा इतिहासकार त्या नोंदी माझ्या मोडी कागदांसारख्याच वाचेल.

डेसिबलचा मोठा गुण म्हणजे तो जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, मान विचारत नाही. आवाज कुणाचा, हा प्रश्न न विचारणारा आपल्याकडचा तो पहिला नियम. पण तो आमच्या कुणाच्या बैठकीत ठरला नाही, म्हणून त्याला कुणी आपला मानत नाही. म्हणून तो वाकवतात. १० ऑगस्ट २०१७ ला केंद्रानं ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दुरुस्ती केली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र मानला जात होता; आता राज्य सरकारनं जाहीर केल्याशिवाय तो तसा मानायचा नाही, असं ठरलं. गणेशोत्सव दोन आठवड्यांवर आला होता. रुग्णालयातले रुग्ण तेच, खाटा त्याच, आणि एका अधिसूचनेनं त्यांच्याभोवतीचं संरक्षण निघून गेलं. या निर्णयाचा मला आजही संताप येतो.

एक नियम मात्र पेठेनं जवळपास आपलासा केला आहे. विसर्जनाच्या रात्री बारा वाजले की स्पीकर बंद. मिरवणूक संपलेली नसते, दुसऱ्या दिवशी दुपारनंतरही ती चालू असते. पण बाराला स्पीकरच्या भिंती गप्प होतात, गाडे रस्त्यावरच उभे राहतात, पोरं फुटपाथवर आडवी होतात, वडापावच्या गाड्यांवर गर्दी उसळते. सहा वाजले की पुन्हा दणका. तोफेच्या काळातल्या रस्त्यासारखा हा रस्ता वेळेचं ऐकतो. डेसिबलचं ऐकत नाही. मोजता येणारी गोष्ट आणि पाळता येणारी गोष्ट एक नसते, हे मला या रस्त्यानं शिकवलं. घड्याळ सगळ्यांच्या हातात आहे, मीटर कुणाच्याच नाही.

माझी नात ताशा वाजवते. पुण्यात शाळांच्या पथकांनी ढोल-ताशाला शिस्त आणली. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही त्यातली मोठी नावं. मुळशी-मावळच्या गावढोलांचा ताल शहरातल्या मुलामुलींच्या हातात आला. मुली ढोल बांधून रस्त्यावर उतरल्या, ही गोष्ट मला मनापासून आवडते. जे वाद्य जातीनं वाटून दिलं होतं, ते आता कुणीही शिकतं. जूनपासून नदीपात्रात सराव चालतो, पहिला हात, दुसरा हात असे ठेके घोटले जातात आणि काठावरच्या इमारतींतून तक्रारीही सुरू होतात. ३० ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय हरित लवादानं, एका श्रवणतज्ज्ञ डॉक्टरांच्या अर्जावर, पथकात तीसच माणसं असावीत असा आदेश दिला. पंधरवड्याच्या आत सर्वोच्च न्यायालयानं माणसांच्या संख्येवरच्या त्या मर्यादेला स्थगिती दिली. सरन्यायाधीशांनी ढोल-ताशाला पुण्याचं हृदय म्हटलं. आमच्या घरात त्या संध्याकाळी पेढे आले.

“आजी, तू कुणाच्या बाजूची?” तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, “तुझ्या कानांच्या.”

ती चिडली. मग तिच्या पथकातल्या किती मुलांच्या कानांत वाजवून झाल्यावर रात्रभर शिटी वाजत राहते ते तिनंच सांगितलं. ढोलाचं टिपरू पडतं तेव्हा सगळ्यात जवळचा कान वाजवणाऱ्याचाच असतो. त्याच्या कानाची काळजी गोतानं केली नाही, परवान्यानं केली नाही आणि डेसिबलच्या तक्त्यातही तो नाही. तक्ता हद्दीवरचा आवाज मोजतो, ताशाच्या मागे उभ्या असलेल्या पोरीला तो मोजतच नाही. आता तिच्या पथकातली निम्मी मुलं कानात बोळे घालतात. उरलेल्यांना ते बायकी वाटतं.

उत्सवाआधी चौकीवर शांतता समितीची बैठक असते. मंडळांचे कार्यकर्ते, व्यापारी, मोहल्ल्यातली दोन-चार माणसं, आणि कोपऱ्यात आम्ही आसपास राहणारे. मार्ग, वेळा, पथकं, क्रम, सगळ्यावर चर्चा होते. गेल्या बैठकीत मी एक अर्ज दिला. मिरवणुकीच्या वेळापत्रकात चौकांची नावं असतात, तशी रस्त्यावरच्या प्रसूतिगृहांची आणि रुग्णालयांची नावंही छापावीत. त्यांच्या दारी कुणी वाजवायचं नाही, हे मंडळांनी स्वतःच्या सहीनं कबूल करावं. पथकाला परवानगी देताना कानाचे बोळे वाटल्याची नोंद घ्यावी. पहिल्या मुद्द्यावर सगळे अध्यक्ष लगेच तयार झाले. एक जण म्हणाले, “ताई, आमच्या गल्लीतल्या दवाखान्यापुढे आम्ही आजही थांबवतोच. फक्त ते लिहिलं नव्हतं.” सह्या झाल्या. बोळ्यांवर मात्र हशा पिकला आणि तो मुद्दा पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक श्रावणात आहे. नातीला मी बरोबर नेणार आहे, बोलणार तीच आहे.